प्रवराकांठची सायकल व डोक्यावरचें शिरस्त्राण

बेलापूर हें नांव उच्चारतांच आजच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें नवी मुंबईतील बेलापूर उभें राहतें: उंच इमारती, कचेऱ्या आणि लोकलगाडीचें स्थानक. आमचें बेलापूर तें नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरा नदीच्या कांठीं जें जुनें बाजाराचें गांव आहे, तें आमचें बेलापूर. रेल्वेनें येणारा पाहुणाही पूर्वीं या नांवानें फसत असे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्यावरचें बेलापूर स्थानक गांवापासून सहा-सात किलोमीटर दूर पडलें, आणि पुढें त्या स्थानकाभोंवतीं श्रीरामपूर शहर वाढलें. अशा रीतीनें आमच्या गांवाचें नांव रेल्वेवर गेलें, गांव मात्र नदीवरच राहिलें. ज्याला गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल त्यानें स्थानकावर न थांबतां नदीपर्यंत यावें. आणि शक्य तर सायकलीवर यावें, असें आम्ही सांगूं.

प्रवरा ही रतनगडाच्या डोंगरांतून निघते, भंडारदऱ्याच्या जलाशयांत विसावते, अकोलें व संगमनेर मागें टाकून आमच्या अंगणाशीं येते, आणि पुढें नेवाशावरून जाऊन प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. याच नदीच्या कांठीं नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें व त्याचे पाट या मुलुखांत फिरले, तेव्हांपासून जेथें बाजरीवर समाधान मानावें लागे तेथें ऊंस उभा राहिला. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर-कारखाना झाला, टिळकनगरास दुसरा झाला, आणि १९५०–५१ च्या हंगामांत लोणीस सहकारी कारखान्याचें गाळप सुरू होऊन साऱ्या देशाचें लक्ष या भागाकडे गेलें. हें सारें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आमच्याकडील रस्त्यांची स्थिति ऋतूवर नव्हे, गाळपाच्या हंगामावर अवलंबून असते. दिवाळीपासून होळीपर्यंत उंसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जात-येत राहतात. रस्त्यावर चाकांचा चिखल, पाचट आणि सांडलेलीं कांडीं पडलेलीं असतात. या गोष्टीचा आमच्या हकीकतीशीं निकटचा संबंध आहे.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्ही आणि आमचे धाकटे बंधू, दोघांनीं सायकलीचा जुना नाद पुनः धरला. शाळेच्या दिवसांत सायकल ही गरज होती; आतां ती केवळ आनंदासाठीं. पहांटे साडेपांचास निघावें, पेठेंतून प्रवरेच्या पुलापर्यंत जावें, पाण्यावरचें धुकें पाहत क्षणभर टेकावें, नंतर उंसाच्या शेतांमधल्या रस्त्यानें एक फेरा घेऊन सातच्या आंत घरीं चहास यावें. सारा फेरा दहा-बारा किलोमीटरांचा. नदीला पाणी असलें म्हणजे पुलावर गार वारा लागतो. गुऱ्हाळ चालूं असलें तर काकवीचा वास दूरवरून येतो. आणि वाटेंत भेटणारा प्रत्येक माणूस ओळखीचा असल्यामुळें घंटीपेक्षां रामरामच अधिक वेळां करावा लागतो. बंधूंचा अमरकोश मुखोद्गत. चढावरही ते श्लोक म्हणत चालायचे, आणि दम लागून एखादा शब्द अडला कीं आम्हीं तो पुढें करावा, असा आमचा खेळ असे.

एका दिवाळीस आमच्या पुतण्यानें पुण्याहून आम्हां दोघांसाठीं सायकलीचीं दोन हेल्मेटें आणलीं. त्यानें तीं प्रेमानें आणलीं, परंतु डोकीं न मोजतां आणलीं. बंधूंचें कपाळास इतकें रुते कीं काढल्यावर तांबडा वळ दिसे. आमचें इतकें सैल कीं खड्ड्यांतून गेल्याबरोबर भुंवयांवर येई. चार दिवस तीं वापरलीं. पांचव्या दिवशीं बंधु म्हणाले, "दादा, हें काय डोक्यावर मडकें घेऊन फिरायचें! घाम डोळ्यांत उतरतो." त्यावर आम्हीं जें बोललों, तें आज लिहितांना संकोच होतो. आम्ही म्हणालों, "आपण बैलगाडीच्या वेगानें जाणारीं माणसें. हीं साधनें शर्यतवाल्यांचीं. आपल्याला तीं कशाला?" घरांत वडीलकीचा शब्द आमचा, तो पडल्यावर पुढें कोणी बोललें नाहीं. दोन्ही हेल्मेटें ओसरीवरच्या खुंटीला लागलीं, व तेथेंच राहिलीं.

तीन वर्षांपूर्वींच्या मार्गशीर्षांतली गोष्ट. धुकें दाट होतें. पुलावरून परत येतांना रस्त्यांत पडलेलें उंसाचें एक कांडें बंधूंच्या पुढच्या चाकाखालीं आलें. चाक सरकलें आणि ते डाव्या कुशीवर पडले. गति चालत्या माणसाहून थोडी अधिक, एवढीच. समोरून वाहन नव्हतें, मागून नव्हतें. ते उठून बसले, कपडे झाडले, "कांहीं नाहीं, दादा," म्हणाले, आणि सायकल हातांत धरून आमच्याबरोबर घरीं आले. रक्त म्हणावें तर कानामागें चार थेंब. घरीं आल्यावर त्यांनीं वहिनींना विचारलें, "आज वार कोणता?" वहिनींनीं सांगितलें. थोड्या वेळानें त्यांनीं तोच प्रश्न पुनः विचारला, आणि आणखी थोड्या वेळानें तिसऱ्यांदा. मग त्यांस उलटी झाली. दुपारपर्यंत आम्ही त्यांस शहरांतल्या इस्पितळांत नेलें होतें. डोक्याच्या आंत रक्तस्राव झाला होता व शस्त्रक्रिया करावी लागली.

बंधु वांचले. चालतात, जेवतात, नातवंडांना ओळखतात. ईश्वराची कृपा मोठी. परंतु ज्या माणसाच्या जिभेवर एकेका वस्तूचे पांच-पांच पर्याय उभे असत, त्यास आतां तांब्या हवा असला तर "तें पाण्याचें" म्हणून बोट दाखवावें लागतें. असें झालें कीं वहिनी चटकन् तांब्या पुढें करतात, आणि आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घालतों.

इस्पितळांत डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो असा: "डोक्यावर कांहीं होतें का?" आम्हीं सांगितलें कीं नव्हतें, आम्ही फार हळू जातों. डॉक्टर वयानें आमच्या विद्यार्थ्याएवढे. ते शांतपणें म्हणाले, "काका, सायकल हळू असते, डोकें हळू पडत नाहीं. तें आपल्या उंचीवरून पडतें." त्या रात्रीं इस्पितळाच्या बांकावर बसून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आम्हीं तें गणित मांडलें. सायकलीवर बसलेल्या मनुष्याचें डोकें जमिनीपासून दीड मीटर तरी उंच असतें. दीड मीटरांवरून सुटलेली वस्तु जमिनीस टेकतांना सेकंदास सुमारें ५.४ मीटर, म्हणजे ताशीं साडेएकोणीस किलोमीटर वेग घेते. सायकल उभी असली तरी हाच हिशेब. आम्हीं जन्मभर वर्गांत मुलांकडून पडत्या दगडाचीं उदाहरणें सोडवून घेतलीं. त्या दगडाच्या जागीं आपलें डोकें ठेवून पाहण्याचें मात्र कधीं सुचलें नाहीं. "हळू जाणारास भय नाहीं" या आमच्या वाक्यांत जो दोष होता, तो असा नववीच्या गणितानें उघडा पडला.

बंधु घरीं आल्यावर आम्हीं निश्चय केला कीं, यापुढें आमच्या घरांतील कोणीही उघड्या डोक्यानें सायकलीवर बसणार नाहीं. आणि तेवढ्यासाठीं हेल्मेट असें शोधावयाचें कीं जें खुंटीला लागणार नाहीं. एरव्हीं लोक मजबुतीचा विचार आधीं करतात व सोयीचा मागाहून. आमच्या अनुभवानें तो क्रम उलटा ठरविला. खुंटीवरचें हेल्मेट कितीही मजबूत असलें तरी तें खुंटीचेंच रक्षण करतें.

तसें पाहतां डोकें झांकणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. शिरस्त्राण हा शब्दच पुरातन आहे; शिराचें त्राण, म्हणजे रक्षण, असा त्याचा सरळ अर्थ. लढाईचा प्रसंग सोडला तरी आपले पणजोबा उघड्या डोक्यानें उंबरठा ओलांडीत नसत. पगडी बांधणारा कारागीर डोक्याचें माप घेऊनच पगडी बांधी, आणि दुसऱ्याची पगडी आपल्या डोक्यास बसत नाहीं हें घरांतल्या पोरासही ठाऊक असे. तेवढें शहाणपण आम्ही हेल्मेटाच्या बाबतींत विसरलों.

आधुनिक शिरस्त्राणाचा इतिहासही बोधप्रद आहे. ज्यांस "अरबस्तानचे लॉरेन्स" म्हणतात ते इंग्रज लेखक-सैनिक १९३५ सालीं मोटारसायकलीवरून पडून डोक्याच्या दुखापतीनें वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं या विषयाचा पाठपुरावा करून १९४१ सालीं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांवर आपला निबंध प्रसिद्ध केला, व हेल्मेटानें जीव वांचतात हें दाखविलें. सायकलवाले पुष्कळ मागें राहिले. शर्यतींतले लोक कातडी पट्ट्यांची जाळीसारखी टोपी घालीत. तिचा उपयोग फारसा नव्हता. आंत फेंसाचा जाड थर असलेलें सायकलीचें हेल्मेट अमेरिकेंत बेल कंपनीनें १९७५ सालीं काढलें. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १९९० सालीं सायकलस्वारांस हेल्मेटाची सक्ति केली. आणि आमच्या मुद्द्यास पोषक अशी मौज पाहा: १९९१ सालीं युरोपांतील शर्यतींत अशीच सक्ति होऊं लागली, तेव्हां मोठमोठ्या शर्यतपटूंनीं पॅरिस-नीस शर्यतींत चक्क संप केला, व नियम मागें घ्यावा लागला. उकाडा आणि अडचण, हीच तेथेंही तक्रार. पुढें २००३ सालीं त्याच शर्यतींत आंद्रेय किविलेव्ह हा खेळाडू पडून डोक्याच्या दुखापतीनें वारला, तेव्हां कोठें सक्ति कायम झाली. म्हणजे जगांतले अव्वल स्वारसुद्धां आमच्या बंधूंप्रमाणेंच घामास कंटाळले होते, व त्यांसही शहाणपण एका पडण्यानंतरच आलें.

हेल्मेट काम कसें करतें, हें घरांतील मंडळींनीं समजून घ्यावें, म्हणजे निवड सोपी होते. वरचें कवच पातळ असतें. खरें काम आंतल्या फेंसाचें. आपण ज्यास थर्माकोल म्हणतों, त्याच जातीचा पण अधिक घट्ट असा तो पदार्थ. डोकें आपटलें कीं हा थर चिरडतो, आणि चिरडतांना डोक्यास थांबावयास सेकंदाचे कांहीं हजारावे अंश अधिक मिळतात. तेवढ्यानेंच मेंदूवरचा झटका पुष्कळ कमी होतो. कवटी न फुटतांही मेंदु आंतल्या आंत हिसका खाऊन दुखावतो, हें आमच्या घरानें पाहिलें आहे. चिरडलेला थर पुनः फुगत नाहीं. म्हणून एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें. मोह धरूं नये. त्यानें आपलें काम पुरें केलेलें असतें.

खरेदीसाठीं आम्हीं नाशिक निवडलें. श्रीरामपुरांत सायकलीचीं दुकानें आहेत, परंतु आम्हांस चार-सहा प्रकार डोक्यावर घालून पाहावयाचे होते. आणि नाशिक हें अलीकडे सायकलवाल्यांचें गांव झालें आहे. तेथील डॉक्टर महेंद्र व डॉक्टर हितेंद्र महाजन या बंधुद्वयानें २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या जोडीनें, नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. दोन भावांनीं जोडीनें केलेला हा पराक्रम आम्हांस त्या प्रवासांत वारंवार आठवला, त्याचें कारण वाचकांस सांगावयास नको. एस. टी. नें बाभळेश्वर, लोणी करीत संगमनेर, तेथून सिन्नर, व मग नाशिक. खिडकींतून प्रवरेचे पाट दिसेनासे होईपर्यंत सूनबाई आम्हांस मोबाइलवरून एकेक माहिती वाचून दाखवीत होत्या.

दुकानांतल्या तरुणानें किंमत विचारण्याआधीं आमच्या डोक्यास फीत लावली, तेव्हांच आमचा त्याजवर विश्वास बसला. भुंवयांच्या एक बोट वरून, कानांच्या वरून, मागल्या फुगवट्यावरून फीत फिरवावयाची. जो सर्वांत मोठा घेर येईल तें माप. आमचें छप्पन्न सेंटिमीटर भरलें. प्रत्येक हेल्मेटाच्या आंत मापाचे आंकडे छापलेले असतात. आपला आंकडा त्या दोन आंकड्यांच्या मधोमध यावा, कडेवर येऊं नये.

पहिलें हेल्मेट घातलें तें मापाचें असूनही कपाळास व पाठीमागें रुतूं लागलें, आणि कानांच्या वर मात्र पोकळी राहिली. तरुण म्हणाला, "आजोबा, तुमचें डोकें लांबट आहे, हें गोल डोक्याचें आहे." आमच्या बंधूंच्या कपाळावरच्या वळाचें कोडें त्या क्षणीं उलगडलें. त्यांचें डोकें आमच्यासारखेंच लांबट. आणलेलें हेल्मेट गोल. माप सारखें असलें तरी आकार निराळा असतो, व रुतणें हें बहुधा आकाराचें असतें. तें वापरून सैल होईल या आशेवर कोणी राहूं नये. फेंस हा जोड्याच्या कातड्यासारखा पायावर बसत जात नाहीं. दुसरें हेल्मेट आकारानें बरें, पण मागचें चक्र पुरतें आवळूनही डुलत होतें. तिसरें डोक्यावर ठेवल्याबरोबर चारी बाजूंनीं सारखें टेकलें. कोठेंच टोंचेना, कोठेंच पोकळ लागेना.

पुढची परीक्षा त्या तरुणानें अशी शिकविली. पट्टा न लावतां मान हळूच डावी-उजवीकडे हलवावी. हेल्मेटाबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटेंच फिरलें तर मोठें. पुढची कड भुंवयांच्या वर दोन बोटांवर असावी. पुष्कळ लोक तें टोपीसारखें मागें सारून घालतात. त्यानें कपाळ उघडें राहतें, व पडतांना पुष्कळदां तेंच आधीं लागतें. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची जोडणी कानाच्या पाळीच्या किंचित् खालीं यावी, व हनुवटीखालीं एक-दोन बोटें शिरतील इतकीच जागा असावी. मग पुढून तळहातानें वर ढकलून पाहावें. हेल्मेट मागें सरकून कपाळ उघडें पडलें तर पट्टे पुनः जुळवावे. आणि हें सारें झाल्यावर, दुकानदाराची परवानगी घेऊन, तें डोक्यावर ठेवूनच पंधरा-वीस मिनिटें बसावें. दोन मिनिटांत न टोंचणारें वीस मिनिटांत टोंचूं लागतें. आम्हीं तेवढा वेळ दुकानांतल्या स्टुलावर बसून चहा घेतला. काढल्यावर सूनबाईंनीं कपाळ न्याहाळलें, वळ नव्हता.

आमच्या भागांत उन्हाचा विचार अवश्य करावा. चैत्र-वैशाखांत सकाळीं सातासच ऊन तापतें. म्हणून पुढून वारा शिरून मागून निघेल अशीं लांब, रुंद भोकें असलेलें हेल्मेट घ्यावें. नुसत्या भोकांच्या संख्येवर जाऊं नये. कपाळाशीं घाम टिपणारी गादी असते. ती निघणारी व धुतां येणारी असावी. चष्मा घालणारांनीं चष्म्यासकट घालून पाहावें, व पट्टा काडीवर दाबत नाहीं ना हें बघावें. सूनबाई अंबाडा घालतात, नात वेणी. त्यांनीं मागच्या चक्राखालून केसांस वाट आहे असेंच हेल्मेट निवडलें. थंडींत कोणास कानटोपी लागतेच. परंतु जाड लोकरीची टोपी आंत घातली तर सारें माप बिघडतें. पातळ सुती टोपी घालावी, व तीसुद्धां खरेदीच्या वेळीं बरोबर न्यावी. रंग पांढरा किंवा पिवळा घ्यावा; धुक्यांत ट्रॉलीवाल्यास तो लौकर दिसतो.

मोटारसायकलीचें घरांतलें हेल्मेट सायकलीस चालणार नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. चालेल, पण तें किलोभराहून जड, कानांवर बंद आणि वाऱ्यास पारखें. पायांनीं मेहनत करणारा मनुष्य तें आठ दिवस घालणार नाहीं. सायकलीचें पाव किलोपासून तीन-साडेतीनशें ग्रॅमांपर्यंत असतें. मजबुतीबद्दल आंतल्या चिठ्ठीवरचा शिक्का पाहावा: युरोपचा ई. एन. १०७८, अथवा अमेरिकेचा सी. पी. एस. सी. युरोपच्या परीक्षेंत हेल्मेट सुमारें दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर आपटतात, अमेरिकेच्या परीक्षेंत दोन मीटरांवरून. तो दीड मीटरांचा आंकडा वाचतांच आम्हांस इस्पितळांतला तो वर्तमानपत्राचा कागद आठवला. शिक्का नसलेलें हेल्मेट फुकट मिळालें तरी घेऊं नये. शिक्का असलेलीं स्वस्त व महाग, दोन्हीं त्याच परीक्षेंतून पास झालेलीं असतात; वरचे पैसे बहुतांशीं हलकेपणा, वारा आणि दिखाऊपणा यांसाठीं पडतात. कांहीं हेल्मेटांत डोक्याशेजारीं सरकणारा एक पातळ थर असतो. तिरप्या आपटण्यानें मेंदूस जो पीळ बसतो तो कमी व्हावा म्हणून स्टॉकहोमचे शस्त्रवैद्य हान्स फॉन होल्स्ट व अभियंते पीटर हाल्डिन यांनीं ती युक्ति काढली. ऐपत असल्यास तें घ्यावें. परंतु न बसणाऱ्या हेल्मेटांत ती युक्ति असून उपयोग नाहीं.

मुलांच्या बाबतींत आपल्या घरांतली एक जुनी संवय येथें मोडावी लागते. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतों. हेल्मेट मात्र आजच्याच डोक्याचें घ्यावें. आमच्या नातवासाठीं आम्हीं मोठें मागितलें, तेव्हां तो तरुण हंसून म्हणाला, "आजोबा, तो पुढच्या वर्षीं पडणार आहे असें ठरलें आहे काय?"

घरीं आल्यावर निगा सोपी. साबणाच्या पाण्यानें पुसावें, पेट्रोल किंवा रॉकेल लावूं नये. त्यानें फेंस विरघळतो. उन्हांत तापलेल्या मोटारींत ठेवूं नये. न आपटलेलें हेल्मेटही पांच ते दहा वर्षांनीं बदलावें असें अमेरिकेचें ग्राहक-सुरक्षा खातें सांगतें. आणि हेंही स्पष्ट सांगावयास हवें कीं, हेल्मेट म्हणजे मंतरलेला ताईत नव्हे. तें पडण्यासाठीं आहे. उंसाच्या ट्रॉलीखालीं सांपडणाऱ्यास तें वांचवील अशी कोणी कल्पना करूं नये. सायकलीस मागें तांबडा दिवा, पुढें पांढरा दिवा, धडके ब्रेक, आणि दाट धुक्याच्या दिवशीं घरीं बसण्याचा समजूतदारपणा, हें सारें बरोबर हवें. आपल्याकडे मोटारसायकलस्वारास कायद्यानें हेल्मेट लागतें, साध्या सायकलवाल्यास लागत नाहीं. तेव्हां या बाबतींत घरांतल्या वडील माणसाचा शब्द हाच कायदा. तो शब्द आम्हीं एकदां चुकीच्या बाजूनें वापरला, म्हणूनच हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें.

गेल्या फाल्गुनांत डॉक्टरांनीं बंधूंस थोडी सायकल चालविण्याची मोकळीक दिली. रहदारीवर नव्हे, मोकळ्या जागीं. ऊन उतरल्यावर आम्ही त्यांस नदीकडच्या मैदानांत नेलें. त्यांच्यासाठीं नाशिकाहून आणलेलें हेल्मेट आमच्याच जोडीचें, लांबट. आम्हीं तें त्यांच्या डोक्यावर ठेवलें, मागचें चक्र आवळलें, पट्टा लावला. त्यांनीं आपण होऊन हनुवटीखालीं दोन बोटें घालून पाहिलीं. जुन्या खेळाची संवय म्हणा, किंवा आणखी कांहीं म्हणा, आमच्या तोंडून निघून गेलें, "याला काय म्हणतात?" विचारल्यावर आमचें आम्हांस वाईट वाटलें. ते बराच वेळ थांबले. शब्द येईना. मग हेल्मेटावर हात ठेवून म्हणाले, "डोक्याचें... राखण."

सामासिक शब्द हरवला होता, पण विग्रह बरोबर होता. शिक्षक या नात्यानें आम्हीं पुरे गुण दिले. ते सायकलीवर बसले, आम्ही बाजूनें चालत राहिलों, आणि त्यांनीं मैदानाचे तीन फेरे घेतले.

आतां आमच्या ओसरीवरच्या खुंटीला छत्री लावतों. हेल्मेटें दाराच्या कोनाड्यांत, सायकलीच्या कुलपांच्या किल्ल्यांशेजारीं असतात. किल्ली घ्यावयास हात घातला कीं आधीं तींच हातांत येतात. वाचकांच्या घरीं एखादें हेल्मेट टोंचतें म्हणून खुंटीस लागलें असेल, तर आजच तें काढून डोक्यावर घालून पाहावें. पट्टे जुळवून बसलें तर उत्तम. न बसलें तर बदलावें. आणि प्रवरेच्या पुलावर पहांटे येणें झालें तर रामराम करण्यास चुकूं नये. पांढऱ्या शिरस्त्राणाचा म्हातारा दिसला म्हणजे तो मीच असें समजावें.